पाच येळकोट

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी श्रीरामबाबांच्या उजव्या हातानं काम सोडलं. मागाच्या खड्ड्यात बसून ते घोंगडी विणत होते. आडवं सूत नेणारा धोटा उजवीकडून डावीकडं गेला, पण डावीकडून आलेला झेलायला उजवा हात उठलाच नाही. धोटा खाली पडला, गडगडत गेला आणि वसुंधराबाईंच्या चरख्याला जाऊन अडला. अडुसष्ट वर्षांच्या, जन्म मागावर काढलेल्या माणसानं धोटा पाडावा, याचंच त्यांना आधी नवल वाटलं. मग नवऱ्याचं वाकडं झालेलं तोंड दिसलं.

तुकोगंजच्या दवाखान्यात बारा दिवस काढून बाबा घरी आले तेव्हा जीभ अर्धी आली होती, हात आलाच नव्हता. डोकं मात्र शाबूत होतं आणि राग तर पहिल्यापेक्षा दुप्पट. ओसरीतल्या खाटेवर पडल्या पडल्या ते मागाकडं बघत आणि कोणी मध्ये आलं तर डाव्या हातानं बाजूला हो म्हणून खुणावत.

मल्हारखेडी आता नावालाच खेडी उरली होती. अन्नपूर्णेच्या देवळाच्या पुढं इंदूर पसरत आलं आणि गावाच्या उरावर बसलं. शेतांच्या कॉलन्या झाल्या, मेंढ्या गेल्या, गल्ली सिमेंटची झाली. मराठी धनगरांची वीस-पंचवीस घरं आणि खंडोबाचं देऊळ तेवढं जागच्या जागी राहिलं. घोंगडीचा माग म्हणाल तर एकच चालू होता, आणि तो पोळ्यापासून बंद.

चंपाषष्ठीला देवापुढं नवी काळी घोंगडी अंथरायची आणि तिच्यावर तळी उचलायची, ही गावची रीत. ती घोंगडी श्रीरामबाबांच्या घरची, हा चार पिढ्यांचा मान. पण मान असा बसल्या जागी मिळत नव्हता. देवळासमोर चौघांनी घोंगडीची चार टोकं धरायची, मधोमध घागरभर पाणी ओतायचं आणि पाच वेळा येळकोट म्हणायचा. पाचवा होईपर्यंत खाली थेंब पडला नाही, तर घोंगडी देवाची. पडला, तर ती घरी न्यायची.

दिवाळी उलटल्यावर गावचे पंच लक्ष्मीकांतकाका आले आणि खाटेच्या कडेवर टेकले. बाबांचे ते लंगोटीयार.

"श्रीराम, ह्या वर्षी राहू दे," ते म्हणाले. "बाजारातनं पानिपतची चांगली कंबल आणून टाकतो. देव काही नाराज नाही होणार. तू टेंशन नको घेऊ."

बाबांनी तोंड उघडलं. शब्दाआधी लाळच आली. वसुंधराबाईंनी पदरानं पुसली तशी त्यांनी मान झटकली. "ना... नाय."

"नाय तर नाय. पण विणणार कोण?"

बाबांचा मुलगा अश्विन नुकताच ऑफिसातून आला होता, हातात हेल्मेट, खांद्यावर बॅग. तो म्हणाला, "मी विणतो ना, काका."

बोलून झाल्यावर त्याचं त्यालाच दचकायला झालं. चौतिसाव्या वर्षापर्यंत तो त्या खड्ड्यात एकदाच उतरला होता, दहा वर्षांचा असताना, आणि बाबांनी कान धरून वर काढलं होतं. "इथं बसायचं नाही. खुर्चीवर बसायचं शीक." तो शिकला. तुकोगंजच्या ऑफिसात त्याची चाकांवर फिरणारी खुर्ची होती.

काका हसले नाहीत, हे त्यातल्या त्यात बरं. "बघ हं भिया. लोक बाजारातल्या कंबलीला तयार होते, देवाच्या गोष्टीत दरवर्षी धाकधूक नको म्हणून. गळली तर पुढच्या वर्षापासून बाजारातली, कायमची. मग मला बोल नको लावू."

"चालेल," अश्विन म्हणाला. वसुंधराबाईंनी पोराकडं असं बघितलं, की त्यानं हेल्मेट ठेवायच्या निमित्तानं पाठ फिरवली.

सूत तयार होतं. वसुंधराबाईंनी निमाडातून आणलेली काळी लोकर पावसाळाभर कातून ठेवली होती. अश्विननं पंधरा दिवसांची रजा टाकली आणि खाटेपाशी स्टूल घेऊन बसला. बाबा अर्ध्या जिभेनं सांगत, हा मोबाइलवर लिहून घेई. चिंचोके किती भाजायचे, किती भिजवायचे, वाटून शिजवलेली खळ केवढी दाट हवी, बोटावरून थेंब कसा पडायला हवा. त्याची बायको कस्तुरी अन्नपूर्णेकडच्या शाळेत शिकवायची. ती वह्या तपासता तपासता म्हणाली, "नोट्स तर छान काढून राहिलायस. पास होशील बहुतेक."

"तू हस. परीक्षा माझी आहे."

"माझी नाही का? कुंचा कोण मारणार तुझ्याबरोबर, ऑफिसातले लोक?"

खळ द्यायची म्हणजे ताणा, घोंगडीचे उभे धागे, मोकळ्या जागेत लांबलचक ताणून बांधायचा आणि दोन्ही बाजूंनी कुंच्यानं खळ चोपडत जायचं. ऊन चढलं की ती धाग्यावर वाळते आणि धाग्याला कणा येतो. पूर्वी गल्ली मातीची होती तेव्हा खुंट्या कुठंही ठोकाव्यात. आता सिमेंट, आणि समोरच्या घरातल्या यशवर्धनजींची दोन खोल्यांएवढी मोठी गाडी रोज इथूनच बाहेर पडायची. अश्विन आदल्या संध्याकाळी त्यांच्याकडं गेला. पाय पुसून उभा राहिला तरी त्यांनी बस म्हटलं नाही.

"भिया, बस दो-तीन घंटे. सकाळी दहापर्यंत गाडी काढू नका, प्लीज."

"अरे, ये सब अब कौन करता है यार? ऑनलाइन मँगा लो. चार दिन में घर पे."

"देवाची आहे."

"अच्छा, भगवान की," ते म्हणाले. गाडी काढली नाही, हे त्यांचे उपकार. सकाळी मात्र गॅलरीत चहा घेऊन बसले आणि खाली नवरा-बायको कुंचे घेऊन ताण्याच्या दोन्ही अंगांनी वाकत चालले होते त्याचा व्हिडिओ काढत राहिले. गल्लीतून जाणारी दूधवाली, शाळेची पोरं, सगळे थांबून बघत. कस्तुरीच्या शाळेतल्या दोन मुली "गुड मॉर्निंग मॅम" म्हणाल्या, तेव्हा मॅमच्या कोपरापर्यंत खळ होती.

दहा वाजेपर्यंत ताणा वाळला. अश्विननं हात लावून बघितला. धागे तारेसारखे ताठ झाले होते, चार-चार एकमेकांना चिकटले होते. त्यानं दोन सोडवायला बघितले तर तुटले. बाबांच्या हातात एक धागा नेऊन दिला. त्यांनी डाव्या हाताच्या दोन बोटांत धरून वाकवला. कट्कन मोडला.

"कोणी... सांगितली... असली खळ?"

"तुम्हीच, बाबा." अश्विननं मोबाइल पुढं केला. "हे बघा. शब्द न् शब्द लिहिलाय."

बाबा शिव्या द्यायला लागले. अर्ध्या जिभेच्या शिव्या पण कळत होत्या सगळ्या. वसुंधराबाई चरख्यावरून उठल्या, खळीच्या पातेल्यात बोट बुडवून बघितलं आणि म्हणाल्या, "पाणी नाही ना मारलं."

"पाणी कुठं सांगितलं त्यांनी?"

"सांगत नाहीत ते. खळ मी शिजवून देते ती अशीच दाट. मग हे कुंचा बुडवायच्या आधी तांब्याभर गरम पाणी ओततात. दर वेळी."

"मी?" बाबांचे डोळे मोठे झाले. "नाय."

"चाळीस वर्षं बघून राहिले मी. तुमच्या हाताला माहीत आहे, तुम्हाला नाही."

बाबांनी डाव्या हातानं उजवा उचलून बघितला. अश्विनचा मात्र तोल गेला. "मग आई, तू काल बोलली का नाही? समोर बसून ऐकत होतीस!"

"मला कोणी विचारलं?" त्या म्हणाल्या, आणि हे त्यांनी भांडणाच्या सुरात म्हटलं नाही, म्हणूनच अश्विनला जास्त लागलं. आई घरात आहे तशी ती मागाच्या शेजारीही आहे, हे त्याच्या कधी मनातच आलं नव्हतं. लिहायला बसला तो बाबांपुढं. त्यानं मोबाइल खिशात ठेवला आणि तिथंच जमिनीवर बसकण मारली.

"आता सांग."

"आता काय सांगू? आता धुवायचं."

तीन दिवस गेले धुण्यात. कोमट पाण्याच्या घंगाळात ताणा बुडवायचा, खळ सुटली की एकेक धागा बोटांनी वेगळा करायचा, तुटला की गाठ मारायची. पाणी गार झालं की बदलायचं. लोकरीचा ओला, मेंढरासारखा वास घरभर बसला. अश्विनच्या बोटांची टोकं सुरकुतून पांढरी पडली, कस्तुरीची नखं काळी. ती शाळेतून आली की दप्तर टाकून घंगाळाशी बसायची. वह्यांचा ढीग तसाच पडून राहिला. "पोरं विचारतात, मॅम, माझी वही? मी सांगते, देवाकडं आहे," ती म्हणाली.

चौथ्या दिवशी पुन्हा ताणा बांधला तर आकाश भरून आलेलं. हिवाळ्यातला अवेळी पाऊस, मावठा, येणार म्हणून मोबाइलही सांगत होता आणि बाबांचा गुडघाही. पण थांबायला दिवस कुठं होते? या वेळी खळीत पाणी वसुंधराबाईंनी मारलं, ओंजळीनं, अंदाजानं, आणि बोट बुडवून म्हणाल्या, "हं. ही त्यांची."

निम्मा ताणा झाला आणि थेंब आले. मोठे, विरळ. अश्विन घरातली चादर घेऊन धावला, कस्तुरीनं ताडपत्रीचा तुकडा आणला, दोन्ही मिळून ताण्याच्या अर्ध्याला पुरेनात. ओल्या खळीवर पाऊस म्हणजे सगळं परत घंगाळात. अश्विन चादरीचं टोक धरून उभा होता आणि उरलेला अर्धा ताणा त्याच्या डोळ्यांदेखत भिजायला लागला होता. खरं सांगायचं तर त्याला रडू येत होतं.

समोरचं फाटक वाजलं. यशवर्धनजी बनियनवर, गाडीचं भलंमोठं कव्हर ओढत येत होते. "अरे पकडो, पकडो उधर से! देख क्या रहे हो?" कव्हर ताण्यावरून धरलं गेलं. एक टोक त्यांनी स्वतः डोक्यावर घेतलं. मावठा वीस मिनिटं पडला आणि गेला. तेवढा वेळ ते खाली वाकून धागे बघत होते. "ये बाल है? भेड का? अच्छा..." जाताना म्हणाले, "कव्हर रख लो, शाम तक." बारानंतर ऊन पडलं. धागा वाळला. वाकवला तर वाकला, सोडला तर सरळ झाला.

मग अश्विन खड्ड्यात उतरला. बाबा खाटेवरून बघत होते. यंदा कोणी कान धरला नाही.

पहिल्या दिवशी वीतभर विणली आणि वसुंधराबाईंनी ती सगळी उसवायला लावली. दुसऱ्या दिवशी कंबर धरली. खड्ड्यातल्या पावड्या पायानं दाबायच्या, धोटा फेकायचा, झेलायचा, आणि हात्या आपल्याकडं ओढून धागा ठोकायचा. बाबा सांगत, "जोरात." मग सांगत, "एवढा नाही." किती ते त्यांना सांगता येईना. डावा हात हवेत ओढून दाखवत, पण तो डावा हात. त्यालाही माहीत नव्हतं.

वसुंधराबाई पाठ करून चरखा चालवत. मागाकडं बघतही नसत. मध्येच म्हणत, "पोकळ."

"काय?"

"ठोका पोकळ पडला. परत मार."

अश्विन परत ठोके. "आता?"

"आता ह्यांच्यासारखा. ह्यांचा ठोका पडला की माझ्या चरख्याच्या चातीला हादरा बसायचा. तसा बसला पाहिजे."

असं चाललं. दिवसभर 'पोकळ' आणि 'हं' असे दोनच शब्द. हळूहळू पोकळ कमी झाले, हं वाढले. ओढून ओढून अश्विनच्या तळहाताला फोड आला, फुटला, त्यावर कस्तुरीनं पट्टी बांधली. रजेच्या शेवटच्या दिवशी संध्याकाळपर्यंत घोंगडी अर्धी व्हायलाच हवी, असं त्यानं मनाशी धरलं होतं. चार वाजता तीन बोटं उरली. त्यानं हात चालवला.

"पोकळ," आई म्हणाली. मग पुन्हा, "पोकळ. अश्विन, हे उसव."

"आई, तीन बोटं तर आहे. चालून जाईल ना."

"मधोमध येतंय ते."

"उद्या ऑफिस आहे, आई! चालून जाईल."

वसुंधराबाईंचा चरखा थांबला.

सोमवारी अश्विन ऑफिसला गेला. ठरलं असं की सकाळी एक तास, संध्याकाळी एक तास विणायचं. हिशेबानं ते पुरणार नव्हतं, हे त्याला कळत होतं. पण संध्याकाळी येऊन बघतो तर घोंगडी वीतभर पुढं गेलेली. मंगळवारी पुन्हा वीतभर. मागावर बाई बसत नाही, ही बाबांच्या घरची रीत होती आणि बाबांनीच ती कडक पाळली होती.

"बाबा, कोण विणून राहिलंय?"

"काय... माहीत," बाबा म्हणाले. "मी... झोपलो होतो."

वसुंधराबाई पोळ्या लाटत होत्या. लाटण्यावर त्यांच्या तळहाताला बांधलेली पट्टी दिसत होती. बाबा थोडं थांबून स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, "ठोका... चांगला होता पण." हसू दाबायला पदर नव्हता म्हणून कस्तुरीनं तोंडावर वही धरली.

चंपाषष्ठीच्या आदल्या दिवशी घोंगडी मागावरून उतरली. अश्विननं ती उन्हाकडं धरली आणि मधोमध, तीन बोटांच्या पट्ट्यात, बारीक बारीक उजेड दिसला. एकीकडं त्याची वीण, दुसरीकडं आईची, आणि मध्ये ती घाई. आता उसवायला वाव नव्हता. त्यानं आईकडं बघितलं. तिनं 'मी सांगितलं होतं' असं म्हटलं असतं तर त्याला बरं वाटलं असतं. ती म्हणाली, "चल, घडी घाल."

देवळासमोर पुरं गाव जमलं. कॉलनीतलेही काही आले, यशवर्धनजी नव्या कुर्त्यात. बाबांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून आणलं होतं, कपाळाला भंडारा. घोंगडीचं एक टोक अश्विननं धरलं, तिघांनी तीन. लक्ष्मीकांतकाकांनी घोंगडीवरून हात फिरवला. मधोमध त्यांचा हात थांबला, पुढं सरकला, पुन्हा मागं आला. पुढची वीण निराळ्या हाताची आहे हे त्यांना कळलं नसेल असं नाही. त्यांनी विचारलं नाही. घागर उचलली आणि ओतली.

काळ्या घोंगडीच्या पोटात पाणी डुचमळलं. अश्विननं आपलं टोक दोन्ही हातांनी गच्च धरलं.

"येळकोट येळकोट," काका खर्जात म्हणाले, आणि सगळे म्हणाले, "जय मल्हार!" भंडारा उधळला. काका दम घेऊन, संथ, ठाय लयीत म्हणणारे. तीस वर्षं तसंच म्हणत आले होते.

दुसरा झाला. घोंगडीच्या खालच्या अंगाला, मधोमध, ओल चमकली. बायकांच्या रांगेतून वसुंधराबाईंना ती दिसली. त्यांनी डोळे मिटून घेतले. अश्विनलाही दिसली. ओल जमली, फुगली, तिचं टोक खाली आलं. काका तिसऱ्यासाठी छाती भरून श्वास घेत होते आणि तो श्वास काही संपेना.

"येळकोटयेळकोट!"

खुर्चीतून आवाज आला. श्रीरामबाबांचा. तीन महिने शब्दाशब्दाला अडखळणारी जीभ एका दमात धावली होती. "जय मल्हार" म्हणायला लोकांना क्षणभर सुचलंच नाही. काकांनी वळून मित्राकडं बघितलं, मग घोंगडीखाली बघितलं, आणि काय ते समजले.

"जय मल्हार!" ते ओरडले, आणि श्वासही न घेता, "येळकोट येळकोट!"

"जयमल्हार!" आता गावालाही कळलं. म्हातारे, बाया, पोरं, सगळ्यांनी एकच घाई केली. कोण पुढं, कोण मागं, कोणाचा येळकोट कोणाच्या मल्हारात शिरला. यशवर्धनजी तर सगळ्यांच्या आधी पाचवा म्हणून मोकळे झाले. शेवटचा "मल्हार" कसाबसा सगळ्यांच्या तोंडून एकत्र बाहेर पडला आणि त्यावर फरशीवर आवाज झाला. टप्.

सगळे त्या थेंबाकडं बघत होते.

"पाचवा झाल्यावर पडला," लक्ष्मीकांतकाका गावाकडं वळून म्हणाले. "बघितलं ना सगळ्यांनी?"

"बघितलं, बघितलं," गाव म्हणालं. बाबा खुर्चीत हसत होते, अर्ध्या तोंडानं, आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं ते पुसायला त्यांनी कोणाला जवळ येऊ दिलं नाही.

पाणी ओतून टाकलं, घोंगडी देवापुढं अंथरली गेली. काका अश्विनजवळ आले आणि त्याच्या कानाशी वाकले.

"आणि ऐक भिया," ते म्हणाले. "पुढच्या वर्षी मी हळू म्हणणार आहे."

"म्हणा, काका," अश्विन म्हणाला. "किती हळू म्हणायचं ते म्हणा."